आवडते गाणे, इंग्रजीतून

मंडळी, तुमच्या घरात नर्सिंग झालेली मुलगी किंवा परदेशी शिकायला निघालेला मुलगा असेल, तर ‘आयईएलटीएस’ हे नाव एव्हाना तुमच्या कानावर आले असेल. परदेशात शिकायचे किंवा नोकरी करायची तर इंग्रजी किती येते, हे दाखवणारी ही परीक्षा. १९८९ पासून ती चालू आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग. पहिल्या तीन भागांची तयारी पोरे पुस्तके घेऊन करतात. गाडी अडते ती बोलण्यापाशी. समोर परीक्षक असतो, बोललेले सारे ध्वनिमुद्रित होत असते, आणि ११ ते १४ मिनिटांत खेळ आटोपतो.

सुरुवातीची चार-पाच मिनिटे घर, गाव, शिक्षण, आवडीनिवडी अशा साध्या गोष्टींवर बोलायचे असते. त्यातच कधी प्रश्न येतो, ‘तुम्हाला कोणते संगीत आवडते?’ तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? पण आमच्या घरात या एका प्रश्नाने जेवढा घोळ घातला, तेवढा इंग्रजीच्या व्याकरणानेही घातला नाही.

मी तालुक्याच्या शाळेत बावीस वर्षे इंग्रजी शिकवले. धाकट्या दिरांची मुलगी नर्सिंग झाली आणि तिने इंग्लंडला जायचे मनावर घेतले. या परीक्षेच्या वाटेने तिथे परिचारिका म्हणून नोंदणी व्हायची, तर बोलण्यात नऊपैकी ७ गुण लागतात. फी भरली ती दुधाच्या पगारातून थोडी थोडी बाजूला काढून. तेव्हा रोज संध्याकाळी धारा काढून झाल्या, की आम्ही दोघी ओसरीवर सरावाला बसू लागलो.

पहिल्याच दिवशी मी तिला आवडत्या संगीताबद्दल विचारले. तिने एका दमात उत्तर दिले. मला पाश्चात्त्य अभिजात संगीत आवडते, विशेषतः बीथोव्हन. त्याने मनाचा ताण हलका होतो, वगैरे. इंग्रजी अगदी चोख. शहरातल्या एका क्लासने छापील उत्तर दिले होते, ते तिने घोकले होते. मी पुढचे विचारले, “त्यातले कोणते ऐकलेस? कधी ऐकतेस?” पोरगी गप्प. डोळ्यांत पाणी.

माजघरातून सासूबाईंनी विचारले, “काय गं, काय विचारलंस तिला?”

“आवडतं गाणं कोणतं, एवढंच.”

“मग त्यात रडण्यासारखं काय आहे?”

म्हातारीने नेमके बोट ठेवले. मी मुलीला म्हटले, “आता मराठीत सांग, तू खरोखर काय ऐकतेस?” तेव्हा हळूहळू बाहेर आले. सकाळी गोठ्यात रेडिओवर लागतात ती भक्तिगीते. एकादशीला देवळातले भजन, त्यात तिचे वडील पखवाज धरतात. मोबाइलवर सिनेमाची नवी गाणी. आणि लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या.

“मग हेच का नाही सांगितलंस?”

“काकू, हे सांगितलं तर गावंढळ वाटेल ना!”

वाचकहो, इथे मला थांबावेसे वाटले. वीस-बावीस वर्षांची शिकलेली मुलगी, रुग्णाच्या हातात सुई टोचताना जिचा हात कापत नाही, तिला आपल्या आजीचे गाणे चारचौघांत सांगायची लाज वाटते. ही लाज तिने कुठून आणली? आपणच कधी पाहुण्यांसमोर “बंद करा तो टाळ-मृदंग” म्हटलेले असते. शाळेत, कॉलेजात, क्लासात तेच. पोरे पाहतात आणि शिकतात.

आता परीक्षेच्या बाजूने पाहू. परीक्षक गुण देतो ते चार गोष्टींना : बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चारींना सारखेच वजन. तुमची आवड उच्च की साधी, याला एकही गुण नाही. उलट घोकलेले उत्तर कसे ओळखायचे, हे परीक्षकांना शिकवलेले असते. आणि उसन्या आवडीचे दुसरे संकट असे, की पुढच्या प्रश्नाला तिच्याजवळ काहीच नसते. विहिरीत नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आम्ही छापील उत्तर बाजूला ठेवले. ओवीला इंग्रजी शब्द शोधत बसलो नाही. ‘ओवी’ असेच म्हणायचे आणि लगेच दोन लहान वाक्यांत समजावायचे. बायका पहाटे जात्यावर दळताना ही गाणी म्हणत. माझी आजी म्हणत असे, मी ऐकत असे. बघा, एवढ्यात ‘यूज्ड टु’ हा प्रयोग आपसूक आला, भूतकाळ आला. ‘अजून मला ती आवडतात’ म्हटले की वर्तमानकाळ आला. खरी गोष्ट सांगताना व्याकरणाला बसायला जागा सापडते.

ओवी समजावायची तर तिचा अर्थ ठाऊक हवा. म्हणून मुलगी वही घेऊन आजीजवळ बसली. गावात पिठाची गिरणी आली तसे सासूबाईंचे जाते थांबले, आणि जात्याबरोबर गाणेही. त्या म्हणाल्या, “हाताला खुंटा नाही तर आठवत नाही गं.” मग कोपऱ्यातले जाते पुसून मांडले, ओंजळभर ज्वारी घेतली, आणि ओव्या एकामागून एक येऊ लागल्या. भावाच्या, माहेराच्या, विठ्ठलाच्या, आणि लांब दिलेल्या लेकीच्या. त्या शेवटच्या लिहिताना मुलीचा हात थांबला. ही गाणी तिने शंभरदा ऐकली होती, पण ती काय सांगतात हे त्या रात्री तिला पहिल्यांदा कळले. आता तीच लांब निघाली आहे ना! आजीने वर पाहिले नाही, दळत राहिली.

अशा ओव्यांना मोल नाही असे समजू नका. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. विद्वान त्यांचा अभ्यास करतात. आपल्या घरात मात्र त्या आजीबरोबर जातात.

परीक्षेच्या दुसऱ्या भागात एक कार्ड हाती देतात. विचाराला एक मिनिट, टिपणाला कागद-पेन्सिल, मग एक ते दोन मिनिटे एकटीने बोलायचे. ‘तुमच्या लक्षात राहिलेले एखादे गाणे’ असा विषय आला, तर काय टिपायचे हे आम्ही ठरवले : कोणते, कुठे ऐकले, कोणी म्हटले, का लक्षात राहिले. चार शब्द पुरे. पूर्ण वाक्ये लिहीत बसले तर मिनिट संपते.

तिसऱ्या भागात चार-पाच मिनिटे जरा खोल चर्चा. उदाहरणार्थ, म्हाताऱ्यांची आणि तरुणांची गाणी वेगळी का? इथे आजी पुन्हा कामी आली. वीज आली, गिरणी आली, दळणाचे कष्ट गेले, त्यासोबत गाणे गेले. कष्ट गेले हे चांगलेच झाले. पण गाणे जपायला दुसरी जागा करायला हवी होती. हे एवढे इंग्रजीतून सांगता आले, तर कारण आले, परिणाम आला, स्वतःचे मतही आले. कोणत्या क्लासच्या नोट्समध्ये हे सापडेल?

आता एक सावधगिरी. तुमच्या मुलाला खरोखरच इंग्रजी गाणी आवडत असतील, तर त्याने तीच सांगावीत. ओवी न ऐकलेल्याने ओवीचे गोडवे गाणे हेही उसनेच. तसेच उच्चार साहेबासारखा करण्याची ओढाताण नको. आपला मराठी वळणाचा उच्चार चालतो. समोरच्याला सहज समजला पाहिजे. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारावा. त्यात कमीपणा नाही.

आणि तुम्ही आईवडील म्हणाल, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार? आमचे भाऊजी सातवी शिकलेले. ते घड्याळ घेऊन बसतात, दोन मिनिटे झाली की हात वर करतात. आणि मराठीतच विचारतात : “का आवडतं? कधीपासून? कुणाबरोबर ऐकतेस? दुसरं का नाही?” मुलगी इंग्रजीत उत्तर देते. परीक्षकाचे पुढचे प्रश्न साधारण याच जातीचे असतात. मोबाइलवर ते बोलणे टिपून घ्यावे आणि तिचे तिलाच ऐकवावे. कुठे अडखळली, ते तिला स्वतःला कळते. फक्त हसू नका. एकदा घरात हसले, की पोर बाहेर तोंड उघडत नाही.

आमच्या मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. गुण किती पडतील ते पाहू. वहीत आजवर चाळीस ओव्या झाल्या आहेत, आणि इंग्लंडला जाताना ती वही बॅगेत सर्वांत वर ठेवायची असे तिने सांगून टाकले आहे. तुमच्या घरात परीक्षा असो वा नसो, आज रात्री जेवणे झाली की घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला एकदा विचारा, “तुमचं आवडतं गाणं कोणतं?” आणि पोरांना जवळ बसवून घ्या.