शाखा आणि खोड
आम्ही पाच मित्रांनी २०१८ साली मराठी शुद्धलेखन-तपासनिसाचे काम हाती घेतले. हनस्पेल या खुल्या प्रणालीत शब्दांची यादी एका फायलीत असते आणि त्यांची रूपे घडवणारे नियम दुसरीत. शब्दापुढची खूण त्याला कोणता नियम लागतो ते सांगते. नोकऱ्या सांभाळून रात्री करायचे काम, त्यामुळे एकत्र बसणे दुर्मीळच. बदलांची नोंद ठेवायला गिट होते. प्रश्न होता तो पद्धतीचा.

व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० मध्ये मांडलेली 'गिट-फ्लो' पद्धत आम्ही निवडली. प्रकाशित आवृत्तीची एक शाखा, चालू कामाची दुसरी, प्रत्येक नव्या सुविधेची निराळी, शिवाय प्रकाशनाच्या तयारीची आणि तातडीच्या दुरुस्तीची. खरे सांगायचे तर त्या आकृतीच्या सुबकपणावरच आम्ही भाळलो. पाच माणसांच्या प्रपंचाला एवढा थाट कशाला, हे कोणी विचारले नाही.

एका मित्राने सामान्यरूपांचे नियम नव्याने लिहायला घेतले. त्याची शाखा तीन महिने वेगळी राहिली. इकडे आम्ही शब्दांपुढच्या खुणाच बदलल्या. त्याला कळवले नाही. शाखा वेगळी आहे, त्याला काय अडचण, अशी आमची समजूत. मर्ज करायला बसलो तेव्हा कॉन्फ्लिक्ट शेकड्यांनी निघाले. ते कसेबसे मिटवले, तर तपासनीस 'घोडाला' बरोबर आणि 'घोड्याला' चूक म्हणू लागला. अखेर त्याचे काम बाजूला ठेवून पुढे जायचे ठरले. तो काही बोलला नाही. हळूहळू यायचा मात्र बंद झाला.

ज्ञानेश्वरीच्या प्रती सुमारे तीन शतके निरनिराळ्या हातांनी उतरत राहिल्या, तेव्हा १५८४ मध्ये पाठशुद्धीसाठी एकनाथांना बसावे लागले. प्रती जितक्या दूर राहतील तितके पाठभेद वाढणारच. आमच्यापाशी एकनाथ नव्हते, आणि ओळी जुळवणाऱ्या गिटला व्याकरण कळत नाही.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. खोड एकच, फांदी दोन-तीन दिवसांहून जुनी होऊ द्यायची नाही, अपुरा नियम असला तरी तो बंद ठेवून खोडात आणायचा, मर्जपूर्वी दुसऱ्याने वाचायचे आणि चाचण्या चालवायच्या. यात वाद वाढले, हे कबूल केले पाहिजे. पण ते लहान असतात, आणि वेळेवर होतात. पुढे २०२० मध्ये ड्रिसेन यांनीही आपल्या लेखाला टीप जोडली: सतत प्रकाशित होणाऱ्या वेब-प्रणालींनी सोपी पद्धत घ्यावी; अनेक आवृत्त्या एकाच वेळी सांभाळणाऱ्यांना मात्र गिट-फ्लो अजूनही उपयोगी पडेल. म्हणजे दोष त्या आकृतीचा नव्हता. शाखा वेगळी केली की बोलण्याची गरज उरत नाही, हे आम्ही परस्पर ठरवून टाकले होते.

मित्राची शाखा आम्ही अजून पुसलेली नाही. तिच्यातला एकेक नियम काढून आता खोडात आणतो आहोत; बरेच नियम आमच्यापेक्षा सरस निघाले. त्याला तसे कळवायचे मात्र अजून राहिले आहे.