लोणारचा खार, घरचा साबण

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथ भगवंतांच्या दर्शनास जाणारे अनेक यात्रेकरू परतीच्या वाटेवर रिसोडमार्गे लोणारला जातात. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांना मेहकरला उतरून तेथे पोहोचता येते. बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव उल्कापाताने झालेल्या विवरासाठी जगभर प्रसिद्ध आहे. काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावर उभे राहिले की खाली गर्द झाडी आणि तिच्या मधोमध हिरवट पाण्याचे गोल सरोवर दिसते. बहुतेक प्रवासी विवर पाहतात, दैत्यसूदनाच्या मंदिरातील कोरीव काम पाहतात आणि परततात. व्यापारी घराण्यातील माणसाने मात्र येथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे या पाण्यातील खार.

काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. खालच्या सरोवराचे पाणी मात्र इतके अल्कधर्मी आहे की बोटांना लागले तर बुळबुळीत वाटते. यामागचे कारण साधे आहे. भोवतालच्या उतारांवरून पाऊस आणि झरे यांचे पाणी आत येते. पण बाहेर जाण्यास वाट नाही. पाणी उन्हाने उडून जाते आणि खडकातून विरघळून आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हा जमाखर्च चालू आहे. जमेची बाजू वाढतच गेली, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर पांढऱ्या खाराचा थर दिसू लागला.

हा थर एके काळी मोठ्या व्यापाराचा माल होता. अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी'त या परिसराचे वर्णन करताना काच आणि साबण यांना लागणारे साहित्य येथे मिळते, अशी नोंद केलेली आहे. पुढे इंग्रजी अमदानीतही येथील खार काढला जाई. प्रतीप्रमाणे त्याला दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी निरनिराळी नावे होती. नावे वेगळी, कारण प्रत्येकातील सोड्याचे आणि मिठाचे प्रमाण वेगळे; आणि प्रमाण वेगळे म्हणून उपयोगही वेगळा. सर्वच माल दिसायला पांढरा. परंतु जाणता व्यापारी एकाच्या जागी दुसरा देत नसे.

नंतर कारखान्यांचा काळ आला. मीठ आणि चुनखडी यांपासून अमोनियाच्या साहाय्याने सोडा तयार करण्याची रीत युरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. आपल्याकडे १९३९ साली सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना झाली. कारखान्याचा सोडा शुद्ध, एकसारखा आणि स्वस्त मिळू लागला, तसा लोणारचा खार बाजारातून मागे पडला. आज विवराचा परिसर अभयारण्य असून २०२० साली सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. त्याच वर्षी जून महिन्यात पाणी गुलाबी झाले. खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे तपासणीत आढळले. ज्या पाण्यात काहीच जगत नसेल असे वाटते, त्यात असंख्य जीव नांदतात, हे श्रावकाला वेगळे सांगावयास नको. म्हणून आठवण म्हणूनही येथील चिमूटभर खार कोणी उचलून नेऊ नये. त्याचा पर्याय आपल्या गावच्या किराणा दुकानात गोणीने उपलब्ध आहे.

हा 'पर्याय' शब्द मात्र जपून वापरावा लागतो. अलीकडे अनेक घरांत कपडे धुण्याचा साबण घरीच करण्याची हौस वाढली आहे. काहींचा हेतू काटकसरीचा असतो, तर अनेक जैन घरांत चरबीरहित साबण हवा हा मुख्य हेतू असतो. मग एखादी वस्तू मिळाली नाही की दुसरी घातली जाते. दुकानात येऊन गिऱ्हाईक नुसता 'सोडा द्या' म्हणते. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा आणि टाकणखार ही चारही नावे ऐकायला जवळची, रंगाने पांढरी; पण गुणाने फार निराळी. वस्तू कशी दिसते यापेक्षा ती साबणात कोणते काम करते, हे पाहूनच तिचा पर्याय निवडावा.

तेलापासून प्रत्यक्ष साबण बनविण्याचे काम कॉस्टिक सोडा करतो. धुण्याचा सोडा कितीही घातला तरी साध्या तेलाचा साबण होत नाही. त्याची तेवढी ताकद नाही. जुने कारागीर यावर एक युक्ती करीत. खाराच्या पाण्यात चुना घालून ते उकळीत. तळाशी खडूसारखा साका बसे आणि वर दाहक पाणी राही. ते दाहक पाणी म्हणजेच कॉस्टिक होय. म्हणजे त्यांनीही कॉस्टिकला पर्याय शोधला नव्हता. खारापासून तेच तयार केले होते.

तेल बदलण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागते; तेवढ्याच शेंगदाणा तेलास सुमारे १३६ ग्रॅम पुरते. खोबरेल महाग म्हणून कोणी शेंगदाणा तेल घेतले आणि कॉस्टिक मात्र पहिल्याच मापाने टाकले, तर ४५ ग्रॅमहून अधिक दाहक द्रव्य वडीत शिल्लक राहते. असा साबण धुणाऱ्या बाईचे हात सोलून काढतो. तेल बदलले की माप बदललेच पाहिजे. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडे थोडे टाकावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे असावेत. लहान मुले असलेल्या घरात ही वस्तू आणूच नये, हे उत्तम.

अशा घरांसाठी सोपा मार्ग आहे. वनस्पती तेलाच्या तयार साबणाची वडी किसून एक वाटी कीस घ्यावा आणि त्यात दोन वाट्या धुण्याचा सोडा मिसळावा. विदर्भ-मराठवाड्यातील पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते. अशा पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट साय धरते आणि ती कपड्यांत अडकते. सोडा पाण्यातील जडपणा आधी खाली बसवितो. म्हणून बादलीत प्रथम थोडा सोडा विरघळवावा आणि मग साबण घालावा. लोकरीच्या वस्त्रांना सोडा मानवत नाही. त्यांच्यासाठी रिठा बरा.

धुण्याचा सोडा नसेल तर खाण्याचा सोडा कढईत किंवा भट्टीत सुमारे २०० अंशांवर तासभर भाजावा. त्यातून पाणी व वायू निघून जातात आणि धुण्याचा सोडा तयार होतो. १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम उरतात. न भाजता तो तसाच घातला तर धुलाईस फार थोडा उपयोग होतो. दुकानदारांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. सोड्याच्या पारदर्शक खड्यांत वजनाचा सुमारे ६३ टक्के भाग पाण्याचा असतो. कोरड्या भुकटीच्या एक किलोचे काम करण्यास तसे खडे पावणेतीन किलोच्या आसपास लागतात. दर पाहताना ही तफावत गिऱ्हाइकाला सांगणे, हा प्रामाणिक तागडीचाच भाग आहे.

परदेशी कृतींत टाकणखार असतो. तो न मिळाल्यास त्याच्या जागी काहीही घालण्याची गरज नाही; अर्धी वाटी सोडा वाढविला तरी पुरे. आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त पंधरा कर्मादानांपैकी लाक्षावाणिज्याचे स्वरूप सांगताना टंकणाचाही, म्हणजे टाकणखाराचाही, उल्लेख केला आहे. ज्या श्रावकांनी तो नियम घेतला आहे, त्यांना घरचा साबण टाकणखाराविना सहज करता येतो, हे जाणून समाधान वाटेल.

लिंबाचे सत्त्व किंवा सिरका सोड्यात मिसळण्याची पद्धतही दिसते. मिसळल्याबरोबर जो फेस उसळतो, तो पाहून काम जोरात चालले आहे असे वाटते. वास्तविक आम्ल आणि खार तेथे परस्परांना निष्प्रभ करीत असतात. आम्ल वापरायचेच असेल तर शेवटच्या खळबळीच्या पाण्यात अगदी थोडे वापरावे.

रिठा हा सर्वांत सौम्य पर्याय. आठ-दहा रिठ्यांची टरफले गरम पाण्यात चोळली की बादलीभर पाण्यास पुरेसा फेस येतो. त्याने तेलकट कळकट डाग निघत नाहीत, रोजचे हलके कपडे मात्र स्वच्छ होतात. हे पाणी साठवू नये. दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशी येते आणि जीवोत्पत्ती होते. लागेल तेवढेच करावे आणि त्याच दिवशी संपवावे.

आता चरबीचा प्रश्न. १९८३ साली वनस्पती तुपात चरबीची भेसळ उघडकीस आल्यावर देशभर उडालेला क्षोभ ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. तयार साबणाच्या वेष्टनावर 'सोडियम टॅलोएट' असे लिहिले असल्यास तो प्राण्यांच्या चरबीपासून केलेला आहे, असे समजावे. 'सोडियम पामेट' म्हणजे पाम तेलाचा आणि 'सोडियम कोकोएट' म्हणजे खोबरेलाचा साबण. 'सोडियम स्टिअरेट' हे नाव दोन्ही उगमांच्या मालास लागू होते. तेथे पुरवठादाराकडून लेखी खुलासा मागावा. घाऊक खरेदी करणाऱ्या पेढीने असा कागद मागितला तर त्याला वजन असते, आणि त्याचा लाभ गावातील प्रत्येक गिऱ्हाइकाला होतो.

धुण्याचे पाणी परठवतानाही जयणा हवी. सोड्याचे दाट पाणी मुंग्यांच्या वारुळावर, झाडांच्या मुळाशी किंवा ओढ्यात ओतू नये. लोणारचे जीव खारातच वाढले आहेत. आपल्या अंगणातील जीवांना तो सोसत नाही.

लोणारच्या काठावरून खाली पाहताना निसर्गाने पाण्याच्या एका थेंबाचाही हिशेब चुकविलेला नाही, हे जाणवते. गोड्या धारेचे पाणी पिण्यासाठी, खालचे पाणी त्यातील जीवांसाठी. एकाची जागा दुसऱ्यास देता येत नाही. आपल्या दुकानाच्या फळीवर चार पांढऱ्या भुकट्या शेजारी असतात. त्यांवर ठळक अक्षरांत नावे लिहावीत, कॉस्टिक निराळे कुलपात ठेवावे आणि 'सोडा द्या' म्हणणाऱ्याला 'कशासाठी हवा?' एवढा एक प्रश्न विचारावा. त्या प्रश्नाला वेळ लागत नाही, आणि त्यामुळे एखाद्या घरातील अपघात टळू शकतो.