पॅलेस्ट्रा : पाच विद्यालयांचा एक रंग

अमेरिकेतील फिलाडेल्फिया हे नगर मराठी वाचकांस अगदीच परके नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली वैद्यकीची पदवी संपादिली ती याच नगरीत. तेथे जाणारा आपला मनुष्य स्वातंत्र्याची घंटा पाहून कृतार्थ होतो व परततो. परंतु स्कूकिल नदी ओलांडून पश्चिमेस पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आवारात शिरावे, तो तेहतिसाव्या रस्त्यावर विटांची एक साधी, भक्कम वास्तू लागते. ती बास्केटबॉलचे क्रीडागृह असून तिचे नाव पॅलेस्ट्रा.

हे नाव सुचविले ते विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक विल्यम बेट्स यांनी. ग्रीक भाषेत ‘पाले’ म्हणजे कुस्ती. ती जेथे शिकावयाची ती जागा ‘पलैस्त्रा’. मौज अशी की, तेथे केवळ दंड थोपटले जात नसत. प्लेटोचे ‘लायसिस’ व ‘कार्मिडीस’ हे संवाद अशाच जागी घडले, असे त्याने दाखविले आहे. आपल्याकडील ‘रंग’ शब्दही असाच व्यापक आहे. नाटकाचा तो रंग, आणि मल्लयुद्धाचाही तो रंगच. आदिपर्वात द्रोणाचार्यांनी शिष्यांचे अस्त्रकौशल्य नगरजनांस दाखविले, ते रंगातच होय.

१८९१ साली जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने स्प्रिंगफील्ड येथे पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. त्यानंतर छत्तीस वर्षांच्या आत, १ जानेवारी १९२७ रोजी, पेन व येल या विद्यापीठांच्या सामन्याने पॅलेस्ट्रा उघडली. सुमारे दहा हजार लोक त्या दिवशी लोटले होते. छप्पर पोलादी कमानींवर तोललेले असल्यामुळे आत एकही खांब दृष्टीआड येत नाही. आज येथे सुमारे पावणेनऊ हजार माणसे बसतात. बाके मैदानाच्या रेषेला इतकी भिडली आहेत की, खेळाडूचा श्वासदेखील पुढच्या रांगेस ऐकू यावा.

परंतु या वास्तूची खरी कीर्ती निराळीच आहे. पेन, टेंपल, ला साल, सेंट जोसेफ्स आणि व्हिलानोव्हा या पाच विद्यालयांनी १९५५ पासून आपसांतील सामने याच एका छपराखाली खेळण्याची व्यवस्था केली आणि उत्पन्न वाटून घेतले. यांत तीन कॅथलिक पंथाची, एक कामकऱ्यांच्या रात्रीच्या वर्गांतून वाढलेले, आणि एक बेंजामिन फ्रँकलिनने स्थापिलेले. एकाच सायंकाळी दोन सामने होत. पहिला गोल होताच प्रेक्षक आपापल्या संघाच्या रंगांच्या कागदी फिती मैदानावर उधळीत; पुढे नियमाने ती चाल बंद पडली.

कालांतराने दूरचित्रवाणी आली, पैसा वाढला, प्रत्येकास स्वतःचे प्रशस्त घर हवेसे झाले. १९९१ मध्ये सर्वांनी सर्वांशी दरवर्षी खेळण्याचा क्रम खंडित झाला. १९९९ मध्ये तो पुन्हा जुळला, पण सामने निरनिराळ्या ठिकाणी विखुरले. २०२३ साली ड्रेक्सेल हे सहावे विद्यालय मिळाले, आणि अखेरच्या दिवसाचे सामने व्यावसायिक संघांच्या भव्य क्रीडागृहात झाले. यात कोणास दोष द्यावा? प्रत्येकाचा खर्च प्रत्येकास भागवावयाचा असतो. चुली वेगळ्या झाल्या म्हणजे भाऊ वैरी होतात असे नाही. तथापि एका पंगतीस बसून एकमेकांची थट्टा करण्याचे सुख वाटणीच्या कागदात कोणाच्याच हिश्श्यास येत नाही.

सभोवारचा परिसरही विद्येचाच आहे. लगतच दक्षिणेस १८९५ साली उघडलेले फ्रँकलिन फील्ड हे धावण्याच्या शर्यतींचे मैदान. त्यापलीकडे रस्ता ओलांडताच प्राचीन संस्कृतींचे संग्रहालय. वायव्येस थोड्या अंतरावरील ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक भारतीय हस्तलिखिते आहेत. त्या संग्रहाच्या उभारणीत पुढाकार घेणारे नॉर्मन ब्राऊन यांची येथे संस्कृतच्या अध्यापकपदी नेमणूक झाली ती १९२६ साली, म्हणजे क्रीडागृह बांधले जात असतानाच. व्यायाम आणि विद्या यांचा शेजार ग्रीकांस अभिप्रेत होता, तो येथे सहज साधला आहे.

पॅलेस्ट्राची मालकी एकट्या पेनची. पेनचा संघ अजून येथेच खेळतो. तरी मैदानाभोवतालच्या ओवरीवजा वाटेने प्रदक्षिणा घालावी, म्हणजे भिंतींवर पेनसोबत उरलेल्या चौघांचेही खेळाडू आणि त्यांचे विजय सन्मानाने मांडलेले दिसतात. त्यांतील कित्येक विजय यजमानांवरच मिळविलेले! आपल्या घरात प्रतिस्पर्ध्याची तसबीर लावावयास जे मन लागते, ते घडविणे हाच रंगभूमीचा खरा उपयोग होय.