प्रमेयाचा पत्ता

गणिताच्या माणसाला आकड्यांचे भारी प्रेम, अशी लोकांची समजूत आहे. ती खरी नव्हे. आकड्यांचे प्रेम दुकानदाराला असते आणि रेल्वेच्या वेळापत्रकवाल्याला. गणित्याला हवे असते प्रमेय. आकडा त्याला लागतो तो प्रमेयाला हाक मारण्यापुरता.

परंतु ही हाक कशी मारावी, यावरून माझे गेले वर्षभर सरांच्या मुलीशी भांडण चालले होते. सर म्हणजे मला भूमिती शिकविणारे सर. ते गेल्यावर तिने त्यांच्या सात वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. म्हणाली, "काका, याचे पुस्तक करायचे." वह्यांत प्रमेये २१४. क्रमांक १ पासून २१४ पर्यंत सलग, एका दमात.

आणि चौथ्या वहीत घडी घातलेला एक सुटा कागद. त्यावर एक प्रमेय, पूर्ण सिद्धतेसह, आणि वर कोपऱ्यात सरांच्या अक्षरात दोन शब्द : '६१ नंतर'.

झाले! हे प्रमेय ६२ वे केले की पुढची सारी एकेक पायरी खाली उतरणार. आमच्या पिढीला '१२७ लाव' म्हटले की टॉलेमीचे प्रमेय समजते : चक्रीय चौकोनात कर्णांचा गुणाकार म्हणजे समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांची बेरीज. ते आता १२८ होणार!

पुस्तक मी लाटेकमध्ये जुळवीत होतो. डोनाल्ड नूथ या अमेरिकन गणित्याने १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली. ती त्याला इतकी कुरूप वाटली, की अक्षरजुळणीची प्रणाली त्याने स्वतःच लिहावयास घेतली. ती टेक. लेस्ली लॅम्पोर्टने १९८० नंतरच्या दशकात तिच्यावर लाटेक उभारले. (टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दुरुस्तीगणिक पायच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकतो. आकड्यांचे प्रेम नाही म्हणालो खरा. नूथसाहेबांना यातून वगळावे.)

प्रमेयांसाठी तिथे 'न्यूथिअरम' अशी आज्ञा आहे. एका महिरपी कंसात यंत्राला कळणारे नाव, दुसऱ्यात छापावयाचा 'प्रमेय' हा शब्द. एवढ्यावर थांबलात तर क्रमांक सरांसारखे सलग पडतात. शेवटी चौकटी कंसात 'चॅप्टर' लिहिले, की प्रत्येक प्रकरणाच्या दारात मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि प्रमेयाला पत्ता मिळतो : ५.९, पाचव्या प्रकरणातील नववे. हाच चौकटी कंस दोन महिरपींच्या मध्ये टाकून आत 'प्रमेय' लिहिले, तर अर्थ निराळा. मग उपप्रमेये आणि व्याख्या प्रमेयांच्याच रांगेत उभ्या राहतात. मी तेही केले. शोधणाऱ्याला एकच रांग बरी.

'१२७ वरून' असे सर जागोजाग लिहीत. तिथे मी आकडा न लिहिता 'टॉलेमी' अशी खूण ठेवली. यंत्र पहिल्या फेरीत क्रमांक एका बाजूच्या फायलीत टिपून ठेवते आणि दुसऱ्या फेरीत खुणेच्या जागी भरते. तोवर तिथे दोन प्रश्नचिन्हे छापली जातात. प्रामाणिक यंत्र!

"पण बाबांचे आकडे?" मुलगी म्हणाली. "ते पुसणारे तुम्ही कोण?"

मी युक्लिडचा दाखला दिला. पायथागोरसचे प्रमेय पहिल्या खंडातील ४७ वे. खंड तेरा, आणि प्रत्येकाची मोजणी पहिल्यापासून. ती म्हणाली, "युक्लिड माझे वडील नव्हेत." याला माझ्याजवळ सिद्धता नव्हती.

शेवटी तोडगा तिनेच काढला. प्रमेयाच्या माथ्यावर प्रकरणवार क्रमांक आणि समासात, बारीक टाइपात, वहीतला. ते समासातले आकडे मात्र मी हाताने घातले. यंत्राने ते मोजायचे नाहीत. मग सुटा कागद तिसऱ्या प्रकरणात बसविला. त्याच प्रकरणातली पुढची प्रमेये सरकली, पाचवे प्रकरण जागचे हललेही नाही. टॉलेमी ५.९, समासात १२७.

सुट्या कागदावरच्या प्रमेयाला ३.२२ हा क्रमांक आला आहे. त्याचा समास आम्ही कोरा ठेवला.