भाड्याचे माहेर

समुद्र भाड्याने मिळत नाही, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. भाड्याने मिळते ती समुद्राकडे तोंड केलेली गॅलरी. आणि ते तोंड कितपत वळले आहे, त्यावर तिचे भाडे ठरते.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. उत्तरपत्रिकांचे शेवटचे गठ्ठे तपासून मी मोकळा झालो होतो. दोनच कामे उरली होती. एक सहल, आणि दुसरे वकिलांकडून तयार होऊन आलेला एक कागद. तो दिवाळीत बहीण आली की उरकायचा होता. सहलीसाठी 'यंदा समुद्रावर जायचे' असा ठराव आमच्या घरात एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या मताने. मग रोज रात्री जेवणे आटोपली, की त्या आणि आमची कन्या मोबाईलवर घरे पाहू लागल्या. वधूसंशोधन याहून सोपे असावे. फोटोत प्रत्येक घर देखणे आणि प्रत्येक समुद्र निळा! 'समुद्र दोन मिनिटांवर' असे लिहिलेले असे; पण ती दोन मिनिटे कोणाच्या पायांची, याचा खुलासा नसे. शेवटी मुरूडचा एक फ्लॅट पसंत पडला. रात्रीला साडेचार हजार, तीन रात्री, निम्मे पैसे आगाऊ.

"मुरूड?" कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आईने विचारले. "जंजिऱ्याचं की हर्णैचं?"

"हर्णैचं. तुझंच की गं!"

आई काही बोलली नाही. वाती वळत राहिली. पण निघायच्या दिवशी सर्वांच्या आधी तिची पिशवी दाराशी येऊन बसली होती.

दापोली तालुक्यातले हे मुरूड माझे आजोळ. महर्षी कर्व्यांचे गाव. विधवेशी विवाह केला म्हणून १८९३ साली गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि पुढे त्यांचाच अभिमान बाळगला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे, घरामागे नारळी-पोफळींची वाडी आणि वाडी संपली की पुळण. लहानपणी आमचा अख्खा मे महिना तिथे जाई. समुद्राला तेव्हा भाडे पडत नसे. आजीने सांगितलेले पाणी शेंदून दिले, की समुद्र मोकळा.

१९९१ साली, आजोबा गेल्यानंतर, मामांनी आईला दापोलीला बोलावून घेतले. मी बारा वर्षांचा होतो. तिथल्या रजिस्टर कचेरीबाहेर मला थंडगार सोडा मिळाला, म्हणून तो दिवस ध्यानात राहिला. आईने काही कागदांवर सह्या केल्या आणि अंगठ्याचा ठसाही उमटवला. ती शाळेत शिक्षिका होती. मास्तरणीला अंगठा उठवावा लागलेला पाहून मला हसू आले होते. संध्याकाळी ती पुळणीवर बसून ओल्या वाळूने अंगठा घासत राहिली. शाई काही निघाली नाही.

तो कागद हक्कसोडपत्राचा होता. वडिलांच्या मिळकतीत मुलीचाही वाटा असतो, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ठरवून दिले. तो वाटा हसतमुखाने कसा सोडावा, हे मात्र रीतीने ठरवून दिले. जबरदस्ती कोणीच करीत नाही. भाऊ म्हणतो, "ताई, तुझं घर उघडंच आहे." वहिनी ओटी भरते. बहीण सही करते. वाटा मागितला तर माहेर तुटते, सोडला तर ते राहते, असा हा सौदा. आईला एक साडी आणि शंभर नारळ मिळाले. नारळ घरी पोहोचवताना एस. टी.च्या कंडक्टरने जे बोलून घेतले ते निराळेच!

पण माहेर काही राहिले नाही. २००४ च्या उन्हाळ्यात मामांनी घर आणि वाडी विकली. त्यांचीही अडचण होती. मुले मुंबईला, झाडावर चढायला माणूस मिळेना. मी त्यांना दोष देत नाही. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. मात्र आधी होऊन गेलेल्या विक्र्या त्याने उलटल्या नाहीत. आईने ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि पान उलटले. त्यानंतर ती मुरूडला गेली नव्हती. जाणार तरी कोणाकडे?

ताम्हिणी घाट उतरून आम्ही निघालो आणि दुपार कलताना मुक्कामाला पोहोचलो. इमारत तीन मजली. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. आत शिरताच भिंतीवरच्या पाटीने स्वागत केले. वाळूचे पाय खाली नळावर धुवावेत. गॅलरीत ओले कपडे वाळत घालू नयेत. मासळी शिजवल्यास जादा आकार पडेल. सकाळी दहाला जागा सोडावी. समुद्र गॅलरीतून दिसत होता, नाही असे नाही. फक्त डाव्या कोपऱ्यात उभे राहून मान बाहेर काढावी लागे. आम्ही तिघांनी पाळीपाळीने मान बाहेर काढली. आई मात्र आत पलंगाच्या कडेवर, परक्याकडे आल्यासारखी, पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती जाग्यावर नव्हती. मी घाबरून खाली धावलो. इमारतीच्या मागच्या अंगाला, लोखंडी जाळी घातलेल्या एका विहिरीपाशी ती उभी होती. शेजारी काळ्या दगडाची डोणी पडलेली. तिचा एक कोपरा फुटलेला.

"हा तुझ्या मामानं फोडला," ती म्हणाली. "पहार मारली होती. आजोबांनी बडवला होता चांगला."

मी नुसता पाहत राहिलो. रस्त्याला आता इतकी नवी घरे झाली आहेत, की मला काही ओळखू आले नव्हते. आईने शांतपणे हात करून दाखवायला सुरुवात केली. "हे माजघर. ही पडवी. आणि तुझी गाडी उभी आहे ना, तिथं आपलं न्हाणीघर."

म्हणजे आमचा साडेचार हजारांचा फ्लॅट आजीच्या माजघरावर, वीस फूट उंच, हवेत होता!

त्या दिवसापासून आई बदलली. ती खालीच रमू लागली. इमारतीच्या देखरेखीला शेजारच्या घरातल्या एक बाई होत्या. त्यांच्याशी तिची गट्टी जमली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची वाडी एका दिवसात आडवी झाली होती. "पोफळ नव्यानं लावली, आजी, तरी सुपारी हाती यायला पाच-सहा वर्षं पाहिजेत," बाई सांगत होत्या. "तोवर खायचं काय? म्हणून वाडीतच दोन खोल्या बांधल्या. पाहुण्यांना देतो. धुणं, झाडलोट, जेवण, सगळं मीच करते."

आईने विचारले, "त्या खोल्या कुणाच्या नावावर आहेत गं?"

"ह्यांच्या नि धाकट्या दिरांच्या."

"तुझं नाव घालून घे," आई म्हणाली. आवाज अगदी साधा. वहीला वेष्टण घालून आण, असे वर्गात सांगावे तसा. "आजच्या आज बोल. माणसं चांगली आहेत तोवरच बोलून घ्यायचं असतं."

मी पायरीवर चहा पीत बसलो होतो. तो चहा मला गिळवेना. कारण पुण्याला माझ्या कपाटात असलेला तो कागदही हक्कसोडपत्राचाच होता. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. राहता फ्लॅट त्यांच्या नावावर. नाशिकच्या बहिणीने सही केली, की काम सोपे होईल, असे वकील म्हणाले होते. आणि तीही आनंदाने तयार होती. मी वर्गात स्त्री-जीवनावरच्या कादंबऱ्या शिकवतो, हे इथे सांगून टाकलेले बरे. आईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

निघायच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आई केरसुणी घेऊन फ्लॅट झाडू लागली. "अहो आई, आपण भाडं भरलंय!" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

"भाडं भरलं म्हणून काय झालं? माहेरून निघताना घर झाडून निघावं."

खाली त्या बाईंनी आईची ओटी भरली. एक नारळ आणि मूठभर तांदूळ. चौतीस वर्षांपूर्वीही याच जागी तिची ओटी भरली होती. पण या वेळी सही कुठे करायची नव्हती.

पुण्याला आल्यावर मी तो कागद काढला आणि बहिणीला फोन केला. म्हटले, सही नको. फ्लॅटवर आईचे, तुझे आणि माझे, तिघांचीही नावे लावू. ती हसली. "वेडा आहेस का? मला काय करायचाय वाटा? तुझं घर उघडं आहे ना मला, तेवढं पुरे."

हेच वाक्य! कानावर पडले आणि क्षणभर मला काही सुचेना. मग म्हणालो, "उघडं आहे. पण आपल्याच घरी यायला ते कुणी उघडं ठेवावं लागू नये."

ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बरं. भाऊबीजेला येते, तेव्हा बोलू."

पलीकडे आई वाती वळत बसली होती. तिने सारे ऐकले असावे. वर न बघता म्हणाली, "पुढच्या मे महिन्यात तिलाही घेऊन जाऊ मुरूडला. फक्त त्या गॅलरीचे पैसे देऊ नकोस. खालची खोली घे."