परक्या लॅपटॉपवरचं बिऱ्हाड

"लॅपटॉप व्हर, पण माझ्या फायलींका हात लावू नको." मालवण तालुक्यातल्या कट्टा गावच्या एका मुलीला मावसभावानं लॅपटॉप दिला तो या अटीवर, महिन्याभरासाठी. ४ जीबी रॅम, विंडोज आणि त्याचे लग्नाचे फोटो. तिला करायची होती तारकर्लीच्या एका होमस्टेची वेबसाइट. त्यासाठी लागणारं अपाचे, पीएचपी, मायएसक्यूएल थेट त्याच्या विंडोजवर टाकणं म्हणजे पाहुण्यानं यजमानाच्या भिंतीत खिळे ठोकणं.

म्हणून व्हर्च्युअलबॉक्स. २००७ साली जर्मनीच्या इनोटेकनं आणलेलं आणि आता ओरॅकलकडे असलेलं हे सॉफ्टवेअर संगणकाच्या आत दुसरा संगणक मांडतं. आतल्या उबुंटू लिनक्सला वाटतं, घर आपलंच. १९६७ साली आयबीएमच्या सीपी-४० प्रणालीवर एका महागड्या यंत्रात अशी चौदापर्यंत आभासी यंत्रं चालत. चाळच ती!

पहिल्या रात्री हे आतलं मशीन सुरूच होईना. आभासी यंत्रांसाठी लागणारं प्रोसेसरचं व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद होतं. भावाला फोन करून विचारलं, मगच चालू केलं; दुसऱ्याच्या घरातला मेन स्विच न विचारता कोण खालीवर करतं?

रॅम मात्र उसनीच. आतल्या मशीनला १ जीबी दिली, डेस्कटॉप नसलेलं उबुंटू सर्व्हर घेतलं आणि ब्राउझर बाहेर, विंडोजवरच ठेवला. आतला ८० नंबरचा पोर्ट बाहेरच्या ८०८० ला जोडला, की साइट समोर हजर.

खरी मजा साइटवरच्या फोटोंनी केली. कोड विंडोजच्या शेअर्ड फोल्डरमध्ये होता तोवर सगळं सुरळीत. तो उबुंटूच्या स्वतःच्या डिस्कवर हलवला आणि कोंबडी-वड्यांच्या जागी रिकामी चौकट! फाइलचं एक्स्टेन्शन कॅपिटल अक्षरांत होतं, कोडमध्ये स्मॉल. विंडोज असल्या फरकाकडे काणाडोळा करतं. लिनक्स करत नाही. होस्टिंगवाल्याचा सर्व्हरही लिनक्सच, त्यामुळे हा घोळ गिऱ्हाइकासमोर न होता घरातच झाला. तिच्या मते व्हर्च्युअल मशीनची सगळी किंमत त्या एका रिकाम्या चौकटीत वसूल झाली.

पावसाळ्यात लाईट गेली की जुनी बॅटरी जेमतेम वीस मिनिटं तग धरायची. मग मशीनची खिडकी बंद करताना 'सेव्ह स्टेट'. लाईट आली की अर्धवट टाइप केलेली ओळसुद्धा जागच्या जागी.

डिस्कची फाइल तेवढी हावरट निघाली. आत कितीही पुसा, बाहेर ती आपणहून आटत नाही. दुसऱ्या आठवड्यातच तिनं अख्खं बिऱ्हाड एक्स्टर्नल डिस्कवर हलवलं.

महिना संपला तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स काढून टाकून तिनं लॅपटॉप परत केला. भावानं आधी लग्नाचे फोटो उघडून पाहिले. बायोसमधलं ते व्हीटी-एक्स तेवढं चालूच राहिलंय, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.