ओझं आलं की सरळ होणारा

दोस्तांनो, आधी एक कोडं घालते. अंगावर ओझं नसलं की वाकून बसतो, आणि ओझं आलं की सरळ होतो. सांगा पाहू कोण?

नाही आलं? मग एक करा. गुळाचा किंवा उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रककडे नीट बघा. मागच्या चाकांच्या वर लोखंडी पट्ट्यांची एक चळत दिसेल. सगळ्यात वरची पट्टी लांब, खालची त्याहून आखूड, त्याखालची आणखी आखूड. ट्रक रिकामा असेल तर ही चळत धनुष्यासारखी वाकलेली दिसते. ऊस भरला की जवळजवळ सपाट! तर मंडळी, कोड्याचं उत्तर आहे : पाटा. गाडीचा कमानीचा पाटा. याच पाट्यांनी २०२३ साली आमच्या घरात आठवडाभर जेवणाच्या ताटावरसुद्धा दुसरा विषय येऊ दिला नव्हता.

आमचं गाव कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणाऱ्या रस्त्यावर. आमच्याकडे २००४ सालची एक जीप आहे. 'आहे' म्हणजे अजूनही आहे, बरं का! आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची ती उजवा हात. सकाळी दुधाचे कॅन, हंगामात गुळाचे रवे, लग्नसराईत अख्खं वऱ्हाड आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर गावातलं पहिलं दार आमचंच वाजतं. अशा गाडीचं वय झालं की काय होतं? माणसासारखंच होतं. कंबर बसते.

आमच्या जीपची पाठ हळूहळू खाली गेली. रोज बघणाऱ्याला ते कळलंच नाही. कळलं ते दुसऱ्यांना. रात्री समोरून येणारे गाडीवाले सारखे दिवे मिचकावायचे. कारण मागचा भाग खाली गेला की पुढचा वर उचलला जातो, आणि दिव्यांचा झोत रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मग खड्ड्यात गाडी गेली की मागून 'धाड्' असा आवाज यायला लागला. पाटे आणखी दबायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे चाकांचा ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर जाऊन आपटत होता.

आईला मात्र वेगळीच काळजी. गगनबावड्याच्या पुढे करूळ आणि भुईबावडा हे कोकणात उतरणारे घाट आहेत. आमच्या मावशीकडे जायचं तर त्यातला एक उतरावाच लागतो. आबा म्हणाले, "स्टेअरिंग हलकं लागतंय अलीकडं." आई म्हणाली, "मग घाटात न्यायची न्हाई." आईचं बरोबर होतं. गाडीचं वजन मागे झुकलं की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. पुढची चाकंच गाडी वळवतात, आणि ब्रेक मारल्यावर जास्त काम तीच करतात. ती रस्त्याला घट्ट धरून नसतील तर घाटातलं वळण म्हणजे जिवाशी खेळ.

आता गाडी बिघडली की सल्ल्यांना काय तोटा! एक जण म्हणाला, "शॉकप बदला, झालं काम." दुसरा म्हणाला, "शॅकल लांब घाला, गाडी लगेच वर." तिसरा म्हणाला, "सगळे पाटे नवे टाका." या तिसऱ्याने सगळ्या सामानाचा मिळून जो आकडा सांगितला, तो ऐकून आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. त्याच महिन्यात धाकट्या भावाची कॉलेजची फी भरायची होती. गाडी की फी, असा सवाल घरात उभा राहिला. भाऊ तर एकदम गप्पच झाला होता.

शेवटी आबांनी जीप काढली आणि आम्ही दोघं गेलो शिवाजी उद्यमनगरात.

तुमच्यापैकी जे कोल्हापूरचे आहेत त्यांना उद्यमनगर सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आज शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींमधल्या फौंड्र्या प्रसिद्ध आहेत. पण कोल्हापूरचा यंत्रांशी जुना घरोबा बघायचा तर उद्यमनगरात जावं. लेथ, भट्ट्या, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि एकाला एक लागून छोटी छोटी वर्कशॉपं! म्हादबा मेस्त्रींसारख्या, हातात विद्या असलेल्या कारागिरांचं नाव इथं आजही आदराने घेतात. मोडलेली वस्तू फेकण्याआधी ती उघडून बघायची, ही इथली रीत.

आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी गाडी सुरू करून पाहिली नाही, की खाली वाकूनही पाहिलं नाही. खिशातून टेप काढला आणि म्हणाले, "आबा, गाडी सपाट जाग्यावर लावा आन् समदं सामान खाली काढा." मग प्रत्येक चाकाच्या मधोमध टेपचं टोक धरून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. मागची उजवी बाजू डावीपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली! "दुधाचे कॅन उजव्या अंगाला ठेवतासा काय?" त्यांनी विचारलं. आबा माझ्याकडे बघायला लागले. कारण कॅन उजवीकडेच असायचे. टेप खोटं बोलत नाही, दोस्तांनो!

मग मिस्त्रींनी गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबला आणि सोडला. गाडी वर आली आणि थांबली. "शॉकप बरं हाईत. त्येला हात लावू नगा."

इथं मला पहिला धडा मिळाला. आपण सगळे मागच्या त्या नळकांड्याला, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरला, गाडीचा आधार समजतो. पण अशा साध्या शॉकपचं काम गाडी तोलून धरणं नव्हेच. गाडीचं वजन पाटे पेलतात. शॉकपच्या आत तेल असतं आणि ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं, त्यामुळे गाडीचं हेलकावणं लवकर थांबतं. शॉकप खराब असता तर सोडल्यावर गाडी बोटीसारखी डुलत राहिली असती. म्हणजे बसलेल्या गाडीला नवे शॉकप घालणं हे पाठ दुखत असताना गुडघ्याला मलम लावण्यासारखं!

जीप जॅकवर चढली. जॅकवर भरवसा न ठेवता मिस्त्रींनी चॅसीखाली लोखंडी घोडे लावले, मगच पोरांना खाली जाऊ दिलं. पाटे सुटून बाहेर आले. मातीचे, गंजाचे थर खरवडल्यावर उजव्या चळतीतला तिसरा पाटा मोडलेला निघाला. पाटे जिथे गाडीला टांगलेले असतात तिथली रबरी बुशं झिजून गेली होती. बाकीचे पाटे शाबूत होते, पण त्यांची कमान उतरली होती.

मी विचारलं, "मामा, एवढे पातळ पाटे एकावर एक कशाला? एकच जाडजूड घातला तर?" मिस्त्री हसले. "घालून बग. बैलगाडी परवडली म्हणशील."

घरी येऊन मी गणित मांडलं. तुम्हीही मांडा. पट्टी दुप्पट जाड केली तर ती दुप्पट ताठ होत नाही, आठपट ताठ होते. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. आता ६ मिलिमीटरचे ६ पाटे घ्या. ६ चा घन २१६, सहा पाट्यांचे मिळून १२९६. तेच ३६ मिलिमीटरचा एकच पाटा घेतला तर ३६ चा घन होतो ४६,६५६. म्हणजे ३६ पट ताठ! असा पाटा वाकणारच नाही, आणि प्रत्येक खड्डा थेट तुमच्या मणक्यात. पातळ पाटे एकमेकांवर घसरत वाकतात, म्हणून भार पेलूनही लवचीक राहतात.

मग पाटा 'बसतो' म्हणजे काय? यासाठी तुमच्या ओळखीच्या एका माणसाकडे जाऊ या. विज्ञानाच्या पुस्तकात पेशीच्या धड्यात रॉबर्ट हूक भेटतो ना? १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून बुचाचा काप पाहणारा. त्याच हूकने स्प्रिंगचा नियम शोधला. जेवढा भार, तेवढा वाक. भार दुप्पट, वाकही दुप्पट. गंमत म्हणजे १६७६ साली त्याने हा नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला, आणि उत्तर सांगितलं १६७८ साली! पण या नियमाला एक हद्द आहे. भार त्या हद्दीपलीकडे गेला की पोलाद पुन्हा पूर्वीच्या जागी येत नाही. आणि हद्दीच्या आतसुद्धा लाखो वेळा वाकल्यावर ते थकतं, त्यात बारीक चीर पडते, ती वाढते आणि एक दिवस पाटा मोडतो. आमच्याकडच्या पावसाने आणलेला गंज या चिरेला आयतीच वाट करून देतो.

आता प्रश्न पैशाचा. मिस्त्रींनी एकेक उपाय समोर ठेवला. लांब शॅकल? त्याने गाडी वर दिसेल, पण पाट्यात बळ येणार नाही. मोडक्या पाट्याला वेल्डिंग? "ते म्या करनार न्हाई," ते एकदम कडक आवाजात म्हणाले. स्प्रिंगच्या पोलादाला ठरावीक उष्णतेने पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने ते जातं आणि जोडाशेजारी पाटा पुन्हा तुटतो, तोही भरल्या गाडीखाली. एक जादा पाटा घालायचा? घालता येतो. पण रिकामी गाडी धक्के मारणार, आणि गाडी वर दिसली की मालक आणखी ओझं टाकणार. ॲक्सल, ब्रेक, टायर मात्र होते तेच!

मग ठरलं ते असं. मोडलेला पाटा त्याच मापाचा नवा. बाकीच्यांना थंडच ठोकून पुन्हा कमान द्यायची, आणि दोन्ही बाजूंना सारखी. बुशं, मधला बोल्ट आणि यू-बोल्ट नवे, कारण तिथं बचत करायची नसते. शॉकप जुनेच. सगळा खर्च आला नव्या सेटच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा.

ऐरणीवर पाटा ठेवून घणाचे घाव सुरू झाले. ठोकणारा पोरगा दर दोन-चार घावांनी पाटा उचलून जमिनीवर खडूने काढलेल्या रेषेवर ठेवायचा. वाक रेषेशी जुळला की पुढचा पाटा. जोडणी झाल्यावर गाडी चाकांवर उतरवली आणि मगच बुशांचे बोल्ट शेवटचे आवळले. गाडी अधांतरी असताना आवळले तर रबर पिळून राहतं आणि लवकर फाटतं. पुन्हा टेप लागला. दोन्ही बाजू सारख्या! दिव्यांचा झोतही नव्याने खाली लावून घेतला.

निघताना मिस्त्रींनी खरं तेच सांगितलं. "आबा, ह्ये नव्यावानी कायमचं न्हाई. बेतानं भरलासा तर दोन-तीन वर्सं जाईल. आन् आठ-धा दिवसांनी यू-बोल्ट आवळायला या." आबांनी कॅन आता मधोमध ठेवायला सुरुवात केली आहे, आणि गुळाच्या हंगामात एकाच्या जागी दोन फेऱ्या करतात. डिझेल थोडं जास्त जातं. पण भावाची फी वेळेवर भरली गेली, आणि दिवाळीत आई स्वतःच म्हणाली, "मावशीकडं जाऊया की!"

दोस्तांनो, तुमच्या घरात जुनी जीप असो, नाहीतर शिलाई मशीन किंवा मिक्सर. काही बिघडलं की 'नवीन घ्या' म्हणणारे आणि 'काहीतरी करून चालवा' म्हणणारे, दोघेही भेटतील. दोघांना एकच विचारा : नेमका थकलाय कोणता भाग? ते कळलं की पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, तेही कळतं.

येत्या रविवारी एवढं करून पाहा. पोलादी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर अर्धी काढून घट्ट धरा, टोकाला एकेक नाणं चिकटवा आणि प्रत्येक वेळी ती किती वाकते ते मोजा. हूकचा नियम तुमच्या घरात सापडेल. मग घरच्या किंवा शेजारच्या गाडीची दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजा, आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. फरक दिसला तर मोठ्या माणसांना सांगायचं.

आणि हो, मोजताना गाडीखाली मात्र कुणी जायचं नाही. कबूल?